रिटायर होताय सिस्टर, मग रजिस्ट्रेशन ठेवायचं की सोडायचं?

खान्देशातल्या चोपड्याकडच्या एका सिस्टरचं पत्र आलंय. 31 मेला रिटायर होतायत, 33 वर्षं सरकारी नोकरी, त्यातली शेवटची 12 लेबर रूममधे. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन डिसेंबरमधे संपतंय. मिस्टर म्हणतात आता कशाला पैसे भरतेस, सोडून दे. मुलगा म्हणतो सुरतला ये, नातू सांभाळ. आणि एका खाजगी दवाखान्याने निरोप धाडलाय की सर्टिफिकेट आमच्या फाईलला लावा, यायची गरज नाही, महिन्याला काहीतरी देत जाऊ. ताई विचारतात, काय करू?

ताई, त्या दवाखान्याचं आधी बोलते. सरळ नाही म्हणून टाका. 1949 चा नर्सिंग होमचा कायदा आहे, त्यात दवाखान्याला क्वालिफाइड नर्स दाखवाव्या लागतात, म्हणून लोक अशी सर्टिफिकेटं शोधत फिरतात आणि नुकतीच रिटायर झालेली सिस्टर म्हणजे तर त्यांना सोन्याहून पिवळं. पण उद्या तिथे रात्री दोनला एखादी बाळंतीण पीपीएचमधे गेली (बाळंतपणानंतर रक्त थांबतच नाही ते, तुम्हाला मी काय सांगू), चौकशी बसली, तर ड्युटी चार्टवर नाव तुमचं आणि तुम्ही घरी तुरकाट्यांवर भरिताची वांगी भाजताय! 33 वर्षांत एक मेमो नाही असं तुम्हीच लिहिलंय ना. ओळखीचे आहेत म्हणता, तर चोपड्यात कोण ओळखीचं नसतं हो.

आता रजिस्ट्रेशन. पेन्शनचा आणि त्याचा काही संबंध नाही, सोडलंत तरी पेन्शन एक रुपयाने कमी होणार नाही, त्यामुळे मिस्टरांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पण मी असते तर ही एक वेळ तरी रिन्यू केलं असतं. माझ्या मावशीने सोडलं होतं, आता कोण विचारतंय म्हणून, आणि दोन वर्षांनी घराजवळच्या वृद्धाश्रमाने अर्धा वेळ बोलावलं तर पहिला प्रश्न काय, रजिस्ट्रेशन चालू आहे का? ती गप्प बसली. एकदा केलं की पाच वर्षं चालतं, पाच वर्षांनी परत ठरवा. रिन्यू करायला 150 तासांचं सीएनई, म्हणजे नोकरीत असताना करायचं नर्सिंगचं पुढचं ट्रेनिंग लागतं, तर आजवर जी ट्रेनिंग, वर्कशॉप झालीत त्यांची सर्टिफिकेटं काढून बसा आणि ज्यांच्यावर कौन्सिलचे पॉइंट छापलेत ती वेगळी करा. कमी पडले तर डिसेंबरपर्यंत वेळ आहे, नोव्हेंबरात जाग येऊ देऊ नका.

सुरतचं वेगळं. लिंबायत-उधन्यात अर्धा खान्देशच राहतो म्हणा, करमेल तुम्हाला, पण तिथे नर्स म्हणून काम करायचं तर गुजरात कौन्सिलकडे नाव घालावं लागेल आणि त्याला आपल्या महाराष्ट्र कौन्सिलची एनओसी लागते, म्हणजे इथलं चालू पाहिजे. हे मुलाला सांगा, तो नातवाचंच धरून बसलाय.

काम कोणतं म्हणाल, तर नर्सिंग स्कूलमधे ट्यूटर व्हायला बीएस्सी नर्सिंग किंवा पोस्ट बेसिक (डिप्लोमानंतरची दोन वर्षांची डिग्री) लागतं, तुमचं जीएनएम, म्हणजे डिप्लोमा आहे, त्यामुळे ते डोक्यातून काढा, 58 व्या वर्षी दोन वर्षं परत वह्या भरू नका. घरी जाऊन पेशंट बघणं, ड्रेसिंग, कॅथेटर, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात घालायची नळी), याला चोपडा काय अमळनेर काय, सगळीकडे मागणी आहे, पोरं पुण्याला आणि म्हातारी माणसं एकटी. पण माझा डोळा तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर आहे, बाळ अंगावर प्यायला लागलं की त्या आईचं तोंड बघत बसते असं लिहिलंय तुम्ही. पहिलटकरणीला घरी पाठवल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी होते, बाळ नुसतं बोंडी चावतं, सासू म्हणते हिला दूधच नाही, लगेच पावडरचा डबा आणा. तिथे अर्धा तास बसून बाळाचं तोंड नीट लावून देणारी बाई कुठेय? तुम्हाला पावरी येते, म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरसुद्धा हे काम होईल. दोन-तीन बाळंतपणाच्या डॉक्टरांना भेटून ठेवा, घरभेटीचे पैसे आधीच ठरवा. लाजू नका, फुकट केलं की लोक रात्री अकराला पण बोलावतात.

एक मात्र, गल्लीतलं कोणी "सिस्टर, एक सलाईन लाई द्या ना" म्हणत येणारच, मे महिन्यात तर रोज. डॉक्टरची चिठ्ठी नसेल तर हात लावायचा नाही, सख्खी नणंद असली तरी.

आणि 31 मेच्या आत ऑफिसमधून अनुभवाचा दाखला घ्या, वॉर्डनुसार किती वर्षं ते लिहिलेला, सर्व्हिस बुकाची झेरॉक्स पण. साडी-नारळ झाल्यावर तो क्लार्क तुम्हाला ओळख तरी दाखवेल का.