तळ्यात बगळे मेले, अहवालात ‘कारण अनिश्चित’. प्रकरण दाबलं का?

तुमच्या तळ्यात आधी मासे मरून वर आले, आठवड्याभरात बगळे आणि बदकं पडायला लागली. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांनी शवविच्छेदन केलं आणि अहवाल आला, ‘मृत्यूचे निश्चित कारण सांगता येत नाही’. वरच्या कारखान्याला वाचवलं, असं गाव म्हणतंय. तुमचा संताप रास्त आहे. पण सरकारी प्रयोगशाळेत मी नोकरीभर हेच काम केलं, आणि असे अहवाल बहुतेक वेळा नमुन्यापाशीच अडलेले पाहिले.

प्रयोगशाळा ‘विष आहे का’ असं तपासत नाही. अमुक कीटकनाशक, अमुक धातू, असं नाव घेऊन तपासते. ‘विष आढळले नाही’ याचा अर्थ जेवढी तपासली त्यांतलं कुठलंच आढळलं नाही, एवढाच. कोणतं नाव घ्यायचं ते शव आणि आजूबाजूचा परिसर सांगतो. पंजे आवळलेले, गळ्याखालच्या पिशवीत न पचलेले दाणे, त्यात रंगीत खडे दिसले की आधी शेतातलं औषध शोधायचं. मान लुळी, पंख पडलेले आणि पोट उघडल्यावर डोळ्यांना काहीच वावगं दिसत नाही, तिथे बोट्युलिझमचा, म्हणजे एका जिवाणूच्या विषाने येणाऱ्या लुळेपणाचा, संशय घ्यायचा.

राजस्थानात सांभर सरोवरावर नोव्हेंबर २०१९ मध्ये हजारो पक्षी मेले. बर्ड फ्लूची तपासणी भोपाळला झाली, ती नकारार्थी आली. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने बोट्युलिझम असल्याचं सांगितलं. त्याचा जिवाणू प्राणवायू नसलेल्या चिखलात आणि सडक्या मांसात वाढून विष तयार करतो. शवावरच्या अळ्यांत ते साठतं, अळ्या खाणारा पक्षी लुळा पडून मरतो, त्याच्यावर पुन्हा अळ्या होतात. म्हणून अशा वेळी मेलेले पक्षी तातडीने उचलणं हाच मोठा उपाय असतो.

तुमच्याकडचा क्रम मला त्यामुळेच खटकतो. मासे सांडपाण्याने प्राणवायू संपून मेले असतील आणि पक्षी त्या सडक्या माशांतून तयार झालेल्या विषाने. तसं असेल तर कारखाना सुटत नाही, पण बगळ्याच्या यकृतात रसायन शोधून त्याच्यावर काही सिद्धही होणार नाही. तो पुरावा पाण्यात असतो, आणि पाणी वाहून जातं.

नेमकं नाव घेण्याला किती महत्त्व आहे ते गिधाडांच्या बाबतीत दिसलं. भारतात गिधाडं मोठ्या संख्येने मरत होती आणि कित्येक वर्षं साथीच्या रोगाचा संशय होता. पाकिस्तानात लिंडसे ओक्स या पशुवैद्यकाच्या गटाला मेलेल्या गिधाडांच्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर दिसला, म्हणजे मूत्रपिंड निकामी. संसर्ग आणि नेहमीची विषं तपासून झाल्यावर त्यांनी प्रश्न बदलला : गिधाडं गुरं खातात, मग गुरांना मूत्रपिंडाला घातक असं कोणतं औषध दिलं जातं? पशुवैद्यक आणि औषधविक्रेत्यांकडे चौकशी केल्यावर डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक पुढे आलं. असा थर असलेल्या तपासलेल्या २५ च्या २५ गिधाडांत ते सापडलं, थर नसलेल्या १३ पैकी एकातही नाही. २००४ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि २००६ मध्ये भारताने गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आणली. शवविच्छेदनाच्या टेबलावरून निघालेला याहून मोठा निर्णय मला माहीत नाही.

आता तुम्ही काय कराल. पुन्हा पक्षी मेला तर उघड्या हाताने शिवू नका, बर्ड फ्लूची शक्यता असतेच. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना कळवा, पंचनामा होऊ द्या. शवविच्छेदन दिवसभरात होणार असेल तर पक्षी बर्फावर ठेवा, गोठवू नका. गोठल्यावर पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही वाचता येत नाही. विषाच्या तपासणीचे तुकडे मात्र वेगळे काढून गोठवायचे, फॉर्मॅलिनमध्ये नाही. मासे वर आले की प्रदूषण नियंत्रण मंडळाला त्याच दिवशी बोलवा, शक्यतो पहाटेच्या पाण्यासाठी, कारण प्राणवायू सगळ्यात कमी तेव्हाच असतो आणि तो जागेवरच मोजावा लागतो.

जुन्या प्रकरणात माहिती अधिकाराखाली अहवालाची प्रत मागू नका, ती तुमच्याकडे आहेच. नमुन्यांसोबत प्रयोगशाळेला गेलेलं पत्र मागा. कोणत्या तपासण्या सांगितल्या होत्या ते त्यात लिहिलेलं असतं. त्यात बोट्युलिझमचं नाव नसेल तर पुढच्या वेळी त्याच तपासणीचा लेखी आग्रह धरा, आणि जिवंत पण लुळा पक्षी सापडला तर पशुवैद्यकांना त्याचं रक्त घ्यायला सांगा. या विषासाठी त्याहून चांगला नमुना मिळत नाही.