एकाच घरातले दोन देव

तुम्ही विचारलंय की धार्मिक घरात वाढलेली मुलं मोठेपणी नास्तिक होतात, की उलट जास्तच श्रद्धाळू होतात. आमच्याकडे दोन्ही झालं. मी देव मानत नाही. माझा धाकटा भाऊ दर पौष वद्य एकादशीला निवृत्तीनाथांच्या यात्रेसाठी नाशिकहून त्र्यंबकेश्वरला चालत जातो. घर एकच, आईवडील तेच, देवघरही एकच. म्हणून 'संस्कारांमुळे असं होतं' हे वाक्य मला फारसं पटत नाही. कोणाचे संस्कार, हे आधी बघायला हवं.

आमचं घर पंचवटीत, काळाराम मंदिरापासून पाच मिनिटांवर. बाबांचा देव हिशेब ठेवणारा होता. सोवळ्यातल्या कपड्यांना हात लागला की ओरडा, राहुकाळात घराबाहेर पडायचं नाही, संकष्टीला चंद्रोदय व्हायच्या आत पोरांनी काही तोंडात टाकलं की आठवडाभर बोलणी. मी वयात आल्यावर तर दर महिन्याला चार दिवस कोपऱ्यातली सतरंजी, वेगळं ताट आणि वेगळा तांब्या. एकदा ते चार दिवस नेमके रामनवमीला आले. दुपारी बाराला गुलाल उधळला गेला, पाळणा म्हटला गेला, आणि मी बाहेरच्या खोलीत बसून नुसता आवाज ऐकला. तेरा वर्षांची होते. देवाला माझा विटाळ होतो, तर मग हा देव माझ्यापेक्षा नाजूक आहे, असं तेव्हा मनात आलं. अर्थात बोलायची हिंमत नव्हती.

बारावीला केमिस्ट्रीत मार्क कमी पडले तेव्हा बाबांनी पत्रिका दाखवली आणि त्र्यंबकला नेऊन माझी कालसर्प शांती करून आणली. केमिस्ट्रीची शिकवणी मात्र लावली नाही. (बाबांवरचा हा राग माझा अजून गेलेला नाही, हे उघडच आहे.)

आजीचा देव वेगळा होता. ती माळकरी. संध्याकाळी टाळ घेऊन अभंग म्हणायची, सूर चुकला की स्वतःच हसायची. शिवाशिवीचं तिला फारसं काही नव्हतं. बाबा घरात नसले की 'ये गं, कोण बघतंय' म्हणत मला चार दिवसांतसुद्धा जवळ घ्यायची. पण भाऊ तिच्या कुशीत झोपायचा आणि मी अभ्यासाला बाबांच्या खोलीत, एवढाच काय तो फरक. त्याला देव म्हणजे आजीचा आवाज, मला देव म्हणजे बाबांच्या कपाळावरची आठी. मी ज्याला नाकारलं तो देवही मला घरातूनच मिळाला होता.

यावर अभ्यासही झालेला आहे. व्हर्न बेंग्टसन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने दक्षिण कॅलिफोर्नियातल्या साडेतीनशेवर कुटुंबांचा तीन दशकांहून जास्त काळ मागोवा घेतला. आईवडील किती धार्मिक आहेत यापेक्षा त्यांच्याशी मुलांचं नातं किती मायेचं आहे यावर श्रद्धा पुढे जाणं जास्त अवलंबून असतं, आणि त्यातही वडिलांशी असलेली जवळीक महत्त्वाची, असं त्यांना दिसलं. अमेरिकेतली घरं आणि पंचवटीतलं घर यांत फरक आहेच. तरी ते वाचताना मला आमची ती आठी आठवली.

पण माझा खरा तुटलेपणा सोवळ्यातून आला नाही. तो कॉलेजच्या लायब्ररीत आला. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे काही वर्षं चालवला, त्या वर्षी रामनवमीच्या रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगड पडले, आणि दार काही उघडलं नाही, हे सगळं मी विसाव्या वर्षी पहिल्यांदा वाचलं. ज्या दारातून मी हजार वेळा आत गेले त्याच दाराबद्दल! आमच्या घरात कधी कोणी चकार शब्द काढला नव्हता. रात्री जेवताना मी विचारलं, 'पणजोबा तेव्हा कुठल्या बाजूला होते?' बाबा म्हणाले, 'जुनं उकरू नकोस.' आजीने ताटातून मान वर न करता सांगितलं, 'आतल्या.'

गंमत म्हणजे बाबासाहेबांचं घरही धार्मिकच होतं. वडील कबीरपंथी, मुलांना रामायण-महाभारत वाचून दाखवणारे. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये आमच्याच जिल्ह्यात येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, पण १९५६ मध्ये धर्माला रामराम न ठोकता बुद्धाचा धम्म घेतला. लहानपणी धर्म मनापासून ऐकलेला माणूस त्याच्याशी हुज्जत घालतो, पण दुर्लक्ष करू शकत नाही, असं मला वाटतं. माझं तसंच आहे. ज्यांच्या घरी देव नावालाच होता त्या माझ्या मैत्रिणी या विषयावर दोन मिनिटंही बोलत नाहीत. मी मात्र तुम्हाला एवढं लांबलचक उत्तर लिहितेय.

बाबा वारले तेव्हा दहाव्याला मी रामकुंडावर गेले. बायकांनी जायची आमच्यात पद्धत नव्हती, तरी गेले. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. भावाने हात जोडून सगळी वचनं दिली: आईला सांभाळू, घर विकणार नाही, ताईला अंतर देणार नाही. कावळा शेजारच्यांच्या पिंडाला शिवून गेला, आमच्याकडे फिरकला नाही. गुरुजी माझ्याकडे बघून म्हणाले, 'ताई, तुमच्या मनात काही असेल तर म्हणा.' मी हात जोडले नाहीत. शेवटी ऊन चढायला लागलं तसा त्यांनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला.

घरी येताना भाऊ म्हणाला, 'तुझंच काहीतरी राहिलंय बाबांकडे.' मी म्हटलं, 'अरे, रामकुंडावरच्या कावळ्यांची पोटं भरलेली असतात. सकाळपासून किती पिंड पडतात तिथे.'

तो हसला. 'मग तू अर्धा तास मान वर करून काय बघत होतीस?'