जनरल स्टडीजची पदवी घ्यावी का?

प्रश्न : ताई, माझं वय 39. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न झालं आणि शिक्षण तिथंच सुटलं. आता इलिनॉयमध्ये राहते, ग्रीन कार्ड आहे, मुलं शाळेत जातात. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात 'असोसिएट इन जनरल स्टडीज' ही दोन वर्षांची पदवी घ्यावी आणि जमलं तर पुढे बॅचलर्स, असं मनात आहे. घरचे म्हणतात, 'जनरल म्हणजे कशातलंच काही नाही.' शिवाय चारचौघांत इंग्रजी बोलायची मला धास्ती वाटते. काय करू?

उत्तर : कॉलेजात जाच. घरच्यांचं म्हणणं मला पटत नाही, पण पदवीच्या नावाकडे मात्र नीट बघा, कारण तिथं मी स्वतः फसले आहे.

मी 41व्या वर्षी जनरल स्टडीजलाच नाव घातलं. आवडतील ते विषय घेतले आणि सुमारे 60 क्रेडिट (विषय पास झालं की जमा होणारे गुणांक) पूर्ण केले. मग विद्यापीठात गेले, तर त्यांनी माझे चार विषय नुसते 'इलेक्टिव्ह' म्हणून धरले. क्रेडिट मोजले गेले, पण बॅचलर्सच्या अटींत ते कुठंच बसेनात. अख्खं एक सेमिस्टर जास्तीचं बसावं लागलं. त्या रात्री मी फार रडले होते.

इलिनॉयमध्ये जनरल स्टडीजची पदवी मुळात ट्रान्सफरसाठी, म्हणजे क्रेडिट घेऊन पुढे विद्यापीठात जाण्यासाठी, आखलेली नसते. विद्यापीठात जायचं तर 'असोसिएट इन आर्ट्स' किंवा 'असोसिएट इन सायन्स' बरी. तुमच्या राज्यात आयएआय (इलिनॉय आर्टिक्युलेशन इनिशिएटिव्ह) नावाची क्रेडिट ट्रान्सफरची सोय आहे. तिच्या यादीतले लेखन-भाषण, गणित, विज्ञान, मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रं मिळून 37 ते 41 क्रेडिट पूर्ण केले, की तो गठ्ठा त्या योजनेतली विद्यापीठं एकत्र मान्य करतात. विषय घेण्याआधी त्याला आयएआयचा कोड आहे का, एवढं विचारा. बॅचलर्स नकोच असेल, नोकरीपुरती पदवी हवी असेल, तर जनरल स्टडीजही चालेल. पण तुम्ही 'पुढे बॅचलर्स' लिहिलंय, म्हणून जीव तोडून सांगते.

बी.कॉम. अर्धवट राहिल्याची खंत वाटत असेल, पण इथं त्याचा एक फायदा आहे. पेल ग्रँट ही अमेरिकेच्या केंद्र सरकारची शिक्षणासाठीची मदत सहसा बॅचलर्स पदवी नसलेल्यांनाच मिळते, आणि भारतातली पदवीही त्यात धरतात. ग्रीन कार्डवाले अर्ज करू शकतात. त्यासाठी एफएएफएसए हा सरकारी मदतीचा फॉर्म भरा. घरच्या उत्पन्नानुसार रक्कम ठरते. 2024-25 साठी कमाल रक्कम 7,395 डॉलर होती. दोन वर्षांच्या गुणपत्रिकाही मागवून घ्या आणि विषयवार मूल्यमापन करून आणा. काही क्रेडिट तिथूनच मिळून जातील.

आता धास्तीबद्दल. आयएआयच्या यादीत भाषणाचा एक विषय असतोच, तो टळत नाही. माझं पहिलं भाषण कागदाची होडी करून दाखवण्याचं होतं. हात इतके थरथरत होते की कागद दोनदा फाटला. तिसऱ्यांदा होडी झाली, तेव्हा मागच्या बाकावरचा एकोणीस वर्षांचा मुलगा म्हणाला, 'परत एकदा दाखवा, मला घडी कळली नाही.' उच्चारांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, सगळे माझ्या हातांकडे बघत होते. तुम्हीही पहिल्या भाषणासाठी हाताने करून दाखवायची एखादी गोष्ट निवडा.

गणिताची प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कुठल्या पायरीच्या वर्गात बसायचं ते ठरवणारी चाचणी, मात्र तयारी न करता देऊ नका. गुण कमी पडले तर खालच्या पायरीचे वर्ग घ्यावे लागू शकतात. त्यांची फी भरावी लागते आणि ते क्रेडिट सहसा पदवीत धरत नाहीत. आधी महिनाभर बीजगणित उजळून घ्या.

पहिल्या सेमिस्टरला दोनच विषय घ्या, इंग्रजी लेखन आणि गणित. ते 6 क्रेडिट साधारण अर्धवेळ धरतात आणि अर्धवेळ शिकणाऱ्यालाही पेल ग्रँट मिळू शकते. कॉलेजातल्या अ‍ॅडव्हायझरला भेटायला जाताना, पुढे कुठल्या विद्यापीठात जायचंय त्यांची दोन-तीन नावं लिहून न्या.