आधी कागद

चि.,
अनेक आशीर्वाद.

दिव्याच्या शेडची तुझी त्रिमितीय आकृती पाहिली. तीन पर्यायांपैकी कोणता निवडावा हे कळत नाही, असे तू लिहिलेस, पण त्यांपैकी एकाचाही कागदी नमुना तू अजून केलेला नाहीस. मग निवड होणार कशाच्या आधारावर? आधी कागद.

तुझ्या मेशमध्ये, म्हणजे आकृतीच्या जाळीत, हजारो त्रिकोण आहेत आणि इतके तुकडे कोणी कापत बसत नाही. ब्लेंडर या सॉफ्टवेअरमधल्या डेसिमेट या त्रिकोण कमी करणाऱ्या सोयीने ते शे-दीडशेवर आण. तेवढ्यावर आकाराची ओळख पुसली गेली, तर तो आकार केवळ गुळगुळीतपणावर उभा होता असे समज. गोलाई कागदाला झेपत नाही, कारण गोलाचा पृष्ठभाग ताणल्याशिवाय किंवा फाडल्याशिवाय सपाट होतच नाही. शंकू आणि दंडगोल मात्र सहज उलगडतात. आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराने 1525 मध्येच घनाकृती उलगडून सपाट केल्यावर कशा दिसतात याच्या आकृत्या छापल्या होत्या, आणि पेपाकुरासारखे सॉफ्टवेअर आज तेच काम क्षणात करते. परंतु जोड कुठे यावा, हा निर्णय त्याच्यावर सोडू नकोस.

छापताना प्रमाण 100 टक्केच ठेव, ‘फिट टू पेज’ बंद कर. 180 ते 200 जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचे) कार्डशीट घे, ते एकदा उभे आणि एकदा आडवे हलकेच वाकवून पाहा आणि ज्या वळणात ते सहज वाकते त्या वळणाच्या रेषेला समांतर लांब घड्या येतील असे तुकडे मांड. घडीच्या रेषेवर आधी संपलेली रिफिल फुटपट्टीला धरून फिरव. मुंबईच्या पावसाळ्यात कार्डशीट दमट होऊन फुगते, म्हणून ते प्लास्टिकच्या पिशवीत ठेव, आणि फेविकॉल इतका पातळ लाव की बाहेर ओघळणार नाही.

मग आत छोटा एलईडी दिवा लाव. चिकटवण्यासाठी सोडलेल्या पट्ट्यांपाशी कागद दुहेरी होतो आणि तिथे काळपट पट्टे उमटतात. तुझ्या पडद्याने हे तुला दाखवले होते का? माहीमच्या कंदील गल्लीतल्या कारागिराला ते ठाऊक असते, कारण त्याचा आकार हातातूनच घडतो. त्या पट्ट्या लपवायच्या की त्यांचीच नक्षी करायची, या एका प्रश्नावर तुझे दोन पर्याय आपोआप गळतील.

मला जुन्या वळणाची म्हणतात. मी संगणकाच्या विरोधात नाही, पण नोकरीच्या काळात कागदी नमुन्याला वेळेचा अपव्यय ठरवून केवळ पडद्यावर मंजूर झालेल्या वस्तू मी पाहिल्या आहेत आणि त्या मला आजही बोचतात. म्हणून माझा हट्ट सुटत नाही, आणि तो सोडावा असे मला वाटतही नाही. आधी कागद, मग रंग, मग थ्रीडी प्रिंट.

तिन्ही शेड निम्म्या मापात कर. तळ उघडाच ठेव, म्हणजे शेवटचा जोड आतून बोटाने दाबता येईल. पट्ट्या नीट बसल्या नाहीत तरी तो नमुना टाकून देऊ नकोस, माझ्याकडे घेऊन ये.