संध्याकाळी आवळलेला बोल्ट सकाळी का तुटतो?

धातूत हायड्रोजन शिरला की काय होतं, हा प्रश्न वेगवेगळ्या वेषांत इतक्यांदा आला की एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा इथेच उत्तरं देतो. गावांची नावं ठेवली आहेत, माणसांची आणि कंपन्यांची काढली आहेत.

भोसरी : फिक्श्चरला (काम पकडून ठेवणाऱ्या साच्याला) आम्ही १२.९ ग्रेडचे, म्हणजे खूप कडक पोलादाचे, ॲलन बोल्ट वापरतो. गंजू नयेत म्हणून यंदा झिंक प्लेटिंग (करंटने चढवलेला जस्ताचा थर) करून घेतलं. संध्याकाळी टॉर्क रेंचने आवळले, सकाळी चार बोल्टांची डोकी खाली पडलेली. सप्लायर म्हणतो, तुमच्या पोराने जास्त आवळले. खरं काय?

जास्त आवळलेला बोल्ट आवळतानाच तुटतो, पोरगा घरी गेल्यावर नाही. तेव्हा आधी त्या पोराची माफी मागा.

प्लेटिंगआधी माल ॲसिडमध्ये बुडवतात, मग टाकीत करंट देतात. दोन्ही ठिकाणी बोल्टच्या अंगावर हायड्रोजन तयार होतो. बराचसा बुडबुडे होऊन उडून जातो, थोडा अणूरूपात पोलादात शिरतो. हा अणू इतका लहान की साध्या तापमानालाही पोलादातून हिंडतो, आणि जिथे ताण सर्वांत जास्त तिथे जमतो : डोक्याखालच्या कोपऱ्यात, नटातल्या पहिल्या आट्यात. दहा लाख भागांत दोन-चार भाग हायड्रोजन पुरतो. कडक पोलादाच्या कणांमधली पकड सुटत जाते, तडा हळूहळू सरकतो आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी, डोकं उडतं. बोल्ट सैल पडून असता तर तुटलाही नसता, म्हणून सप्लायरच्या टेबलावर तो नेहमी ‘पास’ असतो.

हे ज्ञान नवं नाही. १८७५ साली इंग्लंडमध्ये जॉन्सन नावाच्या माणसाने लोखंडी तार काही मिनिटं ॲसिडात बुडवली. ती वाकवताच तुटली, आणि तुटलेलं तोंड ओलं केल्यावर त्यावर फेस आला. तार काही दिवस ठेवून दिली की पुन्हा चिवट झाली. दीडशे वर्षं झाली, आणि आपण अजून टॉर्क रेंचला दोष देतो आहोत.

उपाय म्हणजे बेकिंग. प्लेटिंग झाल्यावर माल १९० ते २२० अंशांना काही तास ठेवायचा, म्हणजे हायड्रोजन बाहेर पडतो किंवा निदान अशा जागी अडकून बसतो जिथून तो उपद्रव करत नाही. किती तास, हे कडकपणावर आणि जाडीवर ठरतं. १२.९ साठी मी आठ तासांखाली सही करत नाही. आणि टाकीतून निघाल्यापासून चार तासांच्या आत माल ओव्हनमध्ये हवा, तासाभरात गेला तर उत्तम. शनिवारी प्लेटिंग, रविवारी टेम्पोत, सोमवारी बेकिंग, याला मी बेकिंग म्हणत नाही.

आता खरी मेख. पिवळं पॅसिव्हेशन, म्हणजे झिंकवर चढवायचा रक्षक पिवळा थर, बेकिंगनंतर करायचं असतं, कारण २०० अंशांना तो रंग टिकत नाही. पण तसं करायचं तर माल दोनदा हाताळावा लागतो. मग काय, आधी पिवळा करतात, ६०-७० अंशांच्या ड्रायरमधून फिरवतात आणि चलनावर ‘बेकिंग ओके’चा शिक्का मारतात. एका ठिकाणी मी हट्टाने ओव्हन उघडायला लावला, तर आत कामगारांचे डबे गरम होत होते. शिक्का मागू नका, ओव्हनचा चार्ट मागा. माल टाकीतून किती वाजता निघाला, ओव्हनमध्ये कधी गेला, बाहेर कधी आला, या तीन वेळा नसतील तर चार्ट रद्दी.

तुम्ही आत्ता करायचं ते एवढं : फक्त तुटलेले चार नाही, त्या लॉटचे सगळे बोल्ट काढा. पुन्हा बेक करून वापरू नका, कारण आत सुरू झालेला तडा बेकिंगने बुजत नाही. फिक्श्चर तेलातच असतं, तिथे झिंक हवं कशाला? साधे काळे, प्लेटिंग नसलेले बोल्ट वापरा. लेप हवाच असेल तर ॲसिडऐवजी शॉट ब्लास्टिंगने (बारीक छऱ्यांच्या माऱ्याने) साफ करून झिंक फ्लेकचा, म्हणजे जस्ताच्या पापुद्र्यांचा. सप्लायरशी भांडण्याआधी मात्र तुकडे तपासून घ्या. हीट ट्रीटमेंटवाल्याने बोल्ट गरजेपेक्षा कडक केले असतील, तर तुम्ही चुकीच्या दारात उभे आहात.

चाकण : ८.८ ग्रेडच्या, म्हणजे १२.९ पेक्षा कमी कडक बोल्टना बेकिंग लागतं का?

नाही. पण ते खरोखर ८.८ आहेत हे हार्डनेस मोजून ठरवा, पेटीवर वाचून नाही.

नवी मुंबई : हॉट डिप गॅल्व्हनायझिंगमध्ये माल वितळलेल्या झिंकमध्ये बुडवतात, करंट नसतो. मग ते केलं की सुटलो ना?

सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे ब्रिजवाल्यांनाही तसंच वाटलं असेल. तिथल्या नव्या पुलाचे सुमारे तीन इंच जाडीचे गॅल्व्हनाइज्ड अँकर रॉड मार्च २०१३ मध्ये ताणले, आणि ९६ पैकी ३२ काही दिवसांतच तुटले. ते रॉड २००८ पासून भोकांत उभे होते, आणि भोकांत पाणी साचलं होतं. हायड्रोजन प्लेटिंगच्या टाकीतूनच येतो असं नाही. ओल्या जागी गंज चढताना, झिंक झिजतानाही तो तयार होतो. रॉड जितका कडक तितका धोका मोठा. तुमचं काम पुलाचं असेल तर स्ट्रक्चरल सल्लागाराबरोबर मेटलर्जिस्टही बसवा, तोही ऑर्डर देण्याआधी.

सांगली : क्रेनच्या जाड गर्डरचं वेल्डिंग केलं. तपासणीत पास झालं, दोन दिवसांनी शेजारी बारीक तडा दिसला. ७०१८ चेच, म्हणजे कमी हायड्रोजनवाले वेल्डिंग रॉड होते, गच्चीवर उन्हात वाळवलेले.

उन्हात पापड वाळतात. रॉडच्या लेपात मुरलेलं पाणी ३००-३५० अंशांशिवाय हलत नाही. नेमकं तापमान आणि वेळ पुड्यावर छापलेली असते. ओव्हनमधून काढलेले रॉडही गरम डब्यात ठेवायचे, खिशात नाही. लेपातल्या पाण्याचा आर्कमध्ये हायड्रोजन होतो, आणि जाड प्लेट झटकन थंड झाली की शेजारचा भाग कडक होतो. दोन्ही जमले की तडा उशिराने येतो, म्हणून अशा जोडाची तपासणी किमान ४८ तासांनी करतात. वरून नवा थर मारून तडा झाकू नका. क्रेन बंद ठेवा आणि वेल्डिंग इंजिनिअरला बोलवा. (सेल्युलोजच्या लेपाचे ६०१० रॉड मात्र असे भाजू नयेत, वाया जातात.)

कोल्हापूर : पावसाळ्यात आमच्या ॲल्युमिनियमच्या कास्टिंगमध्ये पिनहोल (बारीक भोकं) वाढतात. हवेमुळे का?

हवेतल्या दमटपणामुळे. वितळलेलं ॲल्युमिनियम पाण्याच्या वाफेतला ऑक्सिजन घेतं आणि हायड्रोजन पोटात ठेवतं. घट्ट होताना त्यात आधीच्या सुमारे विसाव्या हिश्श्याएवढाच मावतो, उरलेला बुडबुडे होऊन अडकतो. कूलंटने ओला चुरा भट्टीत टाकू नका, पळी तापवून घ्या, फ्लक्सची पिशवी उघडी ठेवू नका, मेल्ट उगाच जास्त तापवू नका. गॅस काढायची गोळी टाकून धूर करण्यापेक्षा आरगॉनचं रोटरी डिगॅसिंग (फिरत्या दांड्यातून आरगॉन सोडून गॅस काढणं) बरं, कामगारांच्या छातीसाठीही. पण आधी एक तुकडा कापून बघा : गोल, गुळगुळीत भोकं गॅसची, वेडीवाकडी असतील तर दोष रायझरचा, म्हणजे घट्ट होताना साच्याला जादा धातू पुरवणाऱ्या भागाचा.

पुणे : पाइप गॅसमध्ये हायड्रोजन मिसळणार म्हणे. घरची लाइन फुटेल का?

कमी दाबाच्या मऊ धातूच्या नळीला आणि प्लास्टिकच्या पाइपला या ठिसूळपणाची भीती नाही. गळतीचा वास आला तर मात्र गॅस कंपनीला फोन करा, मला नाही.

ठाणे : हायड्रोजन वॉटरच्या बाटलीने स्टील खराब होतं का?

नाही. पाकीट हलकं होतं.

छत्रपती संभाजीनगर : तुटलेला बोल्ट तपासणीला कसा पाठवायचा?

दोन्ही तुकडे पाठवा, पण आधी ते एकमेकांवर बसवून ‘कसं जुळतं’ ते बघू नका. सगळे हेच करतात आणि पुरावा घासून टाकतात. हायड्रोजनने तुटलेलं तोंड मायक्रोस्कोपखाली खडीसाखरेच्या खड्यांसारखं दिसतं, कण सुटे-सुटे, कडा धारदार. त्या कडा गेल्या की मी फक्त अंदाज सांगू शकतो. पुसू नका, गंज काढू नका. वेगवेगळ्या कोरड्या पिशव्यांत टाका, त्याच लॉटचे दोन न वापरलेले बोल्ट जोडा, आणि प्लेटिंगचं चलन व ओव्हनचा चार्ट. चार्ट नसेल तर ‘चार्ट नाही’ असं स्पष्ट लिहा, नंतर बनवून पाठवू नका.