वीज गेली की प्रिंटर गायब

प्रश्न : आमच्या टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात ४ कॉम्प्युटरना मिळून एकच नेटवर्क प्रिंटर आहे. वीज जाऊन आली की तो ‘ऑफलाइन’ दिसतो. पाठवलेली चलनं निघत नाहीत, गाडी फाटकात खोळंबते. काय करावं?
– एक वाचक, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

उत्तर : आधी एक विनंती, तीच चलनं पुन्हा पुन्हा पाठवू नका. प्रिंटर सुरू झाला की सगळ्या प्रती एकदम बाहेर पडतात, आणि एकाच मालाची दोन चलनं गेली तर हिशेबाचा घोळ निस्तरता निस्तरत नाही. अडकलेली कामं बहुधा पाठवणाऱ्या कॉम्प्युटरच्याच रांगेत असतात. ‘प्रिंट क्यू’ उघडून बघा.

माझा संशय राउटरवर आहे. वीज आल्यावर तो प्रिंटरला नवा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा ओळख-क्रमांक) देतो, कॉम्प्युटर मात्र जुन्याच पत्त्यावर कामं धाडत बसतो. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्क सेटिंगचं पान छापा आणि त्यावरचा पत्ता कॉम्प्युटरवरच्या प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या ‘पोर्ट्स’शी (कामं कोणत्या पत्त्यावर जातात ते तिथे दिसतं) ताडून पाहा. पत्त्याच्या शेवटी १५ च्या जागी २२ दिसलं, तर चोर सापडला! राउटरमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवा आणि चारही कॉम्प्युटरवर त्याच पत्त्याचा टीसीपी/आयपी पोर्ट लावा.

पत्ता बरोबर असेल, तर ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’वरची खूण काढा. तरीही रांग हलली नाही, तर विंडोजच्या सर्व्हिसेसमधून ‘प्रिंट स्पूलर’ (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) रीस्टार्ट करा. त्याने कामं पुसली जात नाहीत. स्पूल फोल्डर (रांगेतली कामं साठतात ते) रिकामं करा म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यात अडकलेली चलनं कायमची जातात, म्हणून तो उपाय अगदी शेवटी.