फुलोरा ऑगस्टात, मंजुरी डिसेंबरात: संशोधन अनुदानाची प्रश्नोत्तरे

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील प्राध्यापकांनी व संशोधक विद्यार्थ्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न: कराडमधील अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्राचा सहाय्यक प्राध्यापक म्हणून नुकताच रुजू झालो आहे. वरिष्ठ सांगतात की पूर्वी यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) मायनर, म्हणजे लहान प्रोजेक्ट सहज मिळायचा. आता अर्ज कुठे करायचा?

तो जुना मायनर-मेजर प्रोजेक्टचा दरवाजा बंद झाला. यूजीसीने २०२२ साली वेगळ्या योजना जाहीर केल्या. त्यांतली डॉ. डी. एस. कोठारी यांच्या नावाची योजना नव्याने नेमलेल्या प्राध्यापकांसाठी आहे: २ वर्षांसाठी १० लाख रुपये. तिच्या अटींमध्ये कायम नेमणुकीला २ वर्षे पूर्ण झालेली नसावीत, पीएच.डी. असावी आणि किमान ५ शोधनिबंध असावेत, असे होते. म्हणजे तुमच्या हातात वेळ थोडा आहे. "आधी नोकरीत स्थिरावतो, मग बघतो" असे म्हणणाऱ्यांची पात्रता नेमकी इथेच संपते. रुजू झाल्याची तारीख आणि मान्यतेचे पत्र आजच फाइलला लावा.

विज्ञान-तंत्रज्ञानातला मोठा दरवाजा म्हणजे अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान, बोलीत एएनआरएफ. २०२३ च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि पूर्वीचे 'सर्ब' (विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ) त्यात विलीन झाले. तुमच्यासाठी तिथली पंतप्रधान अर्ली करिअर योजना पाहण्यासारखी आहे. वयोमर्यादा ४२, अनुदान ३ वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत. मात्र इथे स्पर्धा थेट आयआयटी आणि आयसरमधल्या तरुणांशी असते. राज्य विद्यापीठे व त्यांच्याशी संलग्न महाविद्यालयांसाठी सर्बने २०२२ मध्ये 'शुअर' ही स्वतंत्र योजना काढली होती. तिची मर्यादा ३ वर्षांसाठी ३० लाख होती आणि स्पर्धा आपल्यासारख्यांतच होती. अशी राखीव योजना पुन्हा जाहीर झाली की आमच्या मते पहिला अर्ज तिथे करावा. अर्ज वर्षभर घेत नाहीत. जाहिरात निघते आणि साधारण महिनाभरात खिडकी बंद होते. त्या महिन्यात प्रस्ताव लिहायला घेतला तर तो कच्चाच जातो.

उपकरण नाही म्हणून अडला असाल, तर 'टेअर' या योजनेची रचना समजून घ्या. राज्यातल्या महाविद्यालयातील शिक्षकाने आपली नोकरी सांभाळून वर्षातले किमान ९० दिवस एखाद्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत काम करायचे, अशी ती आखली होती. शिक्षकाला वर्षाला ६० हजार रुपये आणि संशोधनासाठी वर्षाला ५ लाख. हे ५ लाख महाविद्यालय आणि प्रयोगशाळा यांच्यात निम्मे-निम्मे. कराडहून पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा किंवा आयसर काही फार लांब नाही. उन्हाळी आणि दिवाळीची सुट्टी धरली की ९० दिवस भरतात. यजमान शास्त्रज्ञाचे संमतिपत्र मात्र जाहिरातीआधी दोन-तीन महिने मागायला हवे. शेवटच्या आठवड्यात आलेल्या अनोळखी ईमेलला कोणी सही करून देत नाही.

प्रश्न: आमचे महाविद्यालय विनाअनुदानित आहे. संशोधन अनुदान मिळेल का? (सांगली)

संस्थेची कागदपत्रे पाहा. यूजीसी कायदा, १९५६ चे कलम २ एफ आणि १२ बी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २ एफ म्हणजे यादीत नाव, १२ बी म्हणजे अनुदानाची पात्रता. पुष्कळ ठिकाणी २ एफ असते, १२ बी नसते, आणि प्राध्यापकाला हे अर्ज फेटाळल्यावर कळते. इतर केंद्रीय संस्थांचे नियम वेगळे आहेत. काही योजना खासगी महाविद्यालयांनाही खुल्या असतात. त्यासाठी संस्थेची नोंदणी, लेखापरीक्षण अहवाल, दर्पण पोर्टलचा (स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी नोंदणीचा) क्रमांक आणि पीएफएमएसवरची (सरकारी निधी वितरणाच्या ऑनलाइन प्रणालीवरची) नोंदणी तयार ठेवा. ही सगळी कामे कार्यालयाची आहेत, पण पाठपुरावा तुम्हालाच करावा लागेल.

प्रश्न: ३० लाखांचा प्रस्ताव "अंदाजपत्रक समर्थनीय नाही" असा शेरा मारून परत आला. एक जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्र), एक उपकरण, बाकी रसायने आणि प्रवास एवढेच होते. चुकले काय?

बहुधा आकडे गोल असतील. "मनुष्यबळ १५ लाख, उपकरण १० लाख, इतर ५ लाख" असे लिहिले की प्रस्ताव तपासणाऱ्या तज्ज्ञाला समजते की हिशेब मांडलेलाच नाही. मनुष्यबळापासून मांडून पाहू.

केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या २०२३ च्या आदेशानुसार जेआरएफला दरमहा ३७,००० आणि दोन वर्षांनी तो एसआरएफ (वरिष्ठ अधिछात्र) झाला की ४२,००० रुपये. त्यावर घरभाडे भत्ता, आणि तो गावाप्रमाणे बदलतो. केंद्राच्या वर्गवारीत सांगली 'वाय' शहरांत आहे. सातारा आणि कराड 'झेड'मध्ये. केंद्रीय कर्मचाऱ्यांचे दर धरले तर सांगलीला २० टक्के, साताऱ्याला १० टक्के.

सांगली: पहिली दोन वर्षे दरमहा ४४,४००, म्हणजे २४ महिन्यांचे १०,६५,६००. तिसऱ्या वर्षी दरमहा ५०,४००, म्हणजे ६,०४,८००. एकूण १६,७०,४००.

सातारा: दरमहा ४०,७०० प्रमाणे ९,७६,८०० आणि ४६,२०० प्रमाणे ५,५४,४००. एकूण १५,३१,२००.

एकाच प्रस्तावात फक्त गावामुळे १,३९,२०० रुपयांचा फरक पडतो. सांगलीत १५ लाख लिहिले असतील तर तिसऱ्या वर्षी विद्यार्थ्याचे तीन-चार महिन्यांचे वेतन उरणार नाही. अनुदान देणारी संस्था घरभाड्याचा कोणता दर मान्य करते हे त्या योजनेच्या अटींत बघून घ्या. आणि जेआरएफ हे पद नेट किंवा गेट झालेल्यासाठीच आहे. तसा उमेदवार मिळाला नाही तर पद रिकामे राहते, पैसा परत जातो. तुमच्या भागात नेट झालेला उमेदवार तीन वर्षे टिकण्याची खात्री नसेल, तर सुरुवातीलाच प्रकल्प सहयोगी हे पद मागणे शहाणपणाचे.

आता उपकरण. १८ जुलै २०२२ पूर्वी संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर ५ टक्के जीएसटीची सवलत होती. त्या दिवशी ती संपली. तरीही जुन्या फाइलीतले कोटेशन जसेच्या तसे वापरले जाते. १० लाखांच्या उपकरणाला १०.५ लाख धरले आणि १८ टक्क्यांनी बिल आले ११.८ लाख, तर १ लाख ३० हजारांचा खड्डा पडला. उपकरणाच्या हेडमध्ये (खर्चाच्या शीर्षात) मंजुरीपेक्षा जास्त खर्च चालत नाही, रसायनांच्या हेडमधून तो परवानगीशिवाय भरूनही काढता येत नाही. शिवाय कोटेशनच्या वेळी यूपीएस, वातानुकूलन, वीजजोडणी आणि वॉरंटीनंतरच्या देखभालीचा करार विचारलेला नसतो. आपल्याकडे विजेचा दाब स्थिर नसतो. यूपीएसविना नाजूक उपकरण बसवणे म्हणजे ते बिघडायची वाट बघणे. हे सगळे एकाच कोटेशनमध्ये मागवा. जवळच्या कोणत्या विद्यापीठात तेच उपकरण आहे आणि तिथले तासाचे शुल्क तुमच्या नमुन्यांच्या संख्येला का परवडत नाही, हे दोन ओळींत लिहा. त्या दोन ओळी नसल्या की तज्ज्ञ उपकरणावर काट मारतो.

ओव्हरहेड, म्हणजे जागा, वीज, कार्यालय अशा सोयींपोटी मिळणारी रक्कम, तुमच्या महाविद्यालयाची असते. ती तुमच्या रसायनांसाठी धरू नका.

प्रश्न: कास पठारावरील वनस्पतींवर ३ वर्षांचा प्रकल्प मंजूर झाला, पण पत्र डिसेंबरात आले. आता वेळापत्रक कसे बसवायचे? (सातारा)

प्रस्तावातच सुटायला हवा होता असा हा प्रश्न आहे, म्हणून इतरांसाठीही सविस्तर लिहितो. कासचा फुलोरा मुख्यतः ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत. डिसेंबरात सुरू झालेल्या ३ वर्षांच्या प्रकल्पाला तीन हंगाम मिळतात खरे, पण पहिल्या हंगामाआधी माणूस नेमून, खरेदी करून, परवानगी मिळवून व्हायला हवी. नेमणुकीच्या जाहिरातीपासून रुजू होईपर्यंत सहज तीन महिने जातात.

परवानगीचे गणित वेगळेच. कास हे राखीव वन आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांपैकी एक आहे. तिथे साताऱ्याच्या वन विभागाची लेखी परवानगी लागते. काम कोयना अभयारण्यात, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात जाणार असेल, तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी हवी, आणि तो अर्ज नागपूरपर्यंत जातो. त्यासाठी अनेक महिने धरा. अर्जात प्रजातींची नावे, प्रत्येकीचे किती नमुने, पान घेणार की मुळासकट रोप, कोणत्या तारखांना किती माणसे जाणार, हे नेमके लिहा. "आवश्यकतेनुसार नमुने गोळा केले जातील" हे वाक्य असलेला अर्ज हमखास परत येतो. नमुने परदेशी प्रयोगशाळेला पाठवायचे असतील तर जैवविविधता कायदा, २००२ खालचे नियमही लागू होतात.

डिसेंबर ते जुलै या काळात जुन्या वनस्पतिसंग्रहातील नमुन्यांची तपासणी, मातीचे नमुने, वनस्पती मोजण्याच्या चौकटींची आखणी आणि पद्धतीची चाचणी घ्या. पहिल्या प्रगती अहवालात हेच काम दाखवा आणि हंगामाचे कारण स्पष्ट लिहा. मुदतवाढ मागायचीच असेल तर मुदत संपण्याच्या काही महिने आधी. खर्च न वाढवता वेळ मागितली तर ती मिळण्याची शक्यता बरी असते.

हेच गणित पिकांनाही लागू. हळदीची लागण मे-जूनमध्ये, काढणी जानेवारी ते मार्च. सप्टेंबरात पैसे आले तर हळदीचे पहिले वर्ष गेले. द्राक्षाच्या एप्रिलमधल्या खरड छाटणीपासून ऑक्टोबरच्या फळछाटणीपर्यंत आणि पुढे बेदाण्यापर्यंतची साखळी एकदा तुटली की वर्षभर जोडता येत नाही. अर्ज ते पहिला हप्ता या प्रवासाला आठ महिने ते वर्ष धरा. प्रस्तावात "पहिला महिना, दुसरा महिना" असे न लिहिता दोन वेळापत्रके द्या: जूनपूर्वी पैसे आले तर एक, नंतर आले तर दुसरे. शेतीतल्या माणसाला ही गोष्ट सांगावी लागत नाही, पण प्रस्तावांत ती क्वचितच दिसते. हळदीसाठी कसबे डिग्रजचे संशोधन केंद्र सहभागी म्हणून घेता आले तर लागणीचे क्षेत्र आणि वाणांची ओळख हे दोन प्रश्न एकदम सुटतात.

प्रश्न: समाजशास्त्र शिकवते. जत तालुक्यात म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी पोहोचलेल्या आणि न पोहोचलेल्या गावांची तुलना करायची आहे. आयसीएसएसआरला (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेला) अर्ज करताना काय पाहावे?

विषय चांगला आहे, कारण तुलना आपोआप तयार होते. लहान प्रकल्प आणि मोठा प्रकल्प यांच्या मर्यादा जाहिरातीत वाचून त्यातल्या लहानापासून सुरुवात करा.

क्षेत्रकामाचा हिशेब दिवसांत मांडा. ४०० कुटुंबे, दीड तासाची प्रश्नावली, वाड्या-वस्त्यांमधली अंतरे धरता एक अन्वेषक दिवसाला ४ मुलाखती. म्हणजे १०० मनुष्यदिवस, दोन अन्वेषकांचे ५० दिवस. त्यात प्रवास, पुन्हा भेटी आणि माहिती भरण्याचे दिवस मिळवा. मुख्य धोका स्थलांतराचा: दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली कुटुंबे उन्हाळ्यात परततात. हिवाळ्यात सर्वेक्षण केले तर नेमकी पाणी नसलेल्या गावांतली गरजू कुटुंबे तुमच्या नमुन्यातून गळतील आणि निष्कर्षच वाकडा होईल. मे ते सप्टेंबर हा काळ धरा आणि तसे का धरले हे प्रस्तावात लिहा. गावांची निवड कोणत्या यादीवरून केली हेही लिहा; "सोयीनुसार निवड" हे दोन शब्द गुण घालवतात.

प्रश्न: कुपवाड एमआयडीसीतली कंपनी आमच्या प्रयोगशाळेला सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) पैसे द्यायला तयार आहे. घ्यावेत का?

आधी कंपनीला सीएसआर लागू आहे का ते विचारा. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नक्तमूल्य (नेटवर्थ) ५०० कोटी, यांपैकी एक तरी असावे लागते. तुमच्या संस्थेने सीएसआर-१ अर्ज भरून क्रमांक घेतलेला हवा. आणि संशोधनाचा फायदा थेट त्याच कंपनीच्या उत्पादनाला होणार असेल तर तो सीएसआर नव्हेच, ते सल्लाकाम झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. याउलट २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयकर कायदा, १९६१ च्या कलम ३५ खाली अधिसूचित विद्यापीठे-महाविद्यालयांना अनुदानातून केलेल्या संशोधन सेवांवर जीएसटीची सूट आहे. म्हणून करारात 'अनुदान' लिहिले आहे की 'मोबदला', निष्कर्ष प्रसिद्ध करायची मुभा आहे का आणि पेटंट कोणाचे, हे तीन मुद्दे सही करण्यापूर्वी वाचा.

प्रश्न: दुसरा हप्ता वर्षभर अडकला आहे. उपयोगिता प्रमाणपत्र पाठवले, तरी त्रुटी निघतात.

उपयोगिता प्रमाणपत्राचा जीएफआर १२-ए (केंद्राच्या वित्तीय नियमांतला) हा नमुना एका आर्थिक वर्षासाठी एक असा असतो. दोन वर्षे मिळून एकच प्रमाणपत्र पाठवले की ते परत येते. सुरुवातीची शिल्लक, मिळालेली रक्कम, व्याज, खर्च आणि अखेरची शिल्लक यांची बेरीज खर्चाच्या विवरणपत्राशी आणि बँक पासबुकाशी रुपयापर्यंत जुळली पाहिजे. सगळ्यात जास्त राहून जाते ते व्याज: ते तुमचे नसते, सरकारजमा करून चलन जोडायचे असते. उपकरण घेतले असेल तर डेडस्टॉक रजिस्टरच्या (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीच्या) पानाची प्रत लावा. खरेदी जेम या सरकारी खरेदी पोर्टलबाहेर झाली असेल तर वस्तू तिथे उपलब्ध नव्हती याचा खरेदीपूर्व तारखेचा अहवाल हवा; नंतर काढलेला चालत नाही. अनेक केंद्रीय योजनांत आता शून्य शिल्लक खाते असते, म्हणजे खात्यात पैसे न देता खर्चाची मर्यादा दिली जाते, आणि ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा रद्द होते, म्हणून खरेदीची मागणी नोव्हेंबरपर्यंत पुढे गेलेली बरी.

प्रश्न: मी पीएच.डी.ची विद्यार्थिनी आहे. स्वतःच्या नावावर प्रकल्प मिळेल का? (वाई)

प्रकल्प नाही, अधिछात्रवृत्ती मिळते. नेट-जेआरएफ नसेल तर प्रवर्गानुसार बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या जाहिराती पाहा. विद्यापीठातील नोंदणीची तारीख ही तिथली कळीची अट असते. नोंदणीपत्र हाती येताच त्याच्या साक्षांकित प्रती, जातीचे प्रमाणपत्र आणि लागू असेल तर नॉन-क्रीमिलेअर, यांची वैधता तपासून ठेवा.